पॉलुस चर्चची किल्लीवाली

हासेलब्रुखच्या खाण-कॉलनीत रोसविथा मातेयका कुठे राहते असं विचारलंत, तर निम्मी माणसं विचारात पडतील. किल्लीवाली रोसी म्हणा, की लगेच घर दाखवतील. तेहतीस वर्षं पॉलुस चर्चची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. वीतभर लांबीची, लोखंडी, एवढी जड की खिसा दर वर्षी उसवायचा आणि रोसी दर वर्षी तो शिवायची. चर्च उघडायचं, झाडायचं, घंटा वाजवायची, वेदीवरच्या मेणबत्त्या लावायच्या, थंडीत माणसं यायच्या दोन तास आधी भट्टी पेटवायची, त्या दिवशीच्या गीतांचे आकडे भिंतीवरच्या लाकडी फळीत सरकवायचे, आणि सगळे गेले की बाकांखाली विसरलेले हातमोजे गोळा करून ठेवायचे, हे तिचं काम. तेवढ्या काळात सहा पाळक आले आणि गेले. "माझ्या हाताखालून सहा गेले," असं ती म्हणायची. भट्टीची मर्जी कशी राखायची हे त्यांच्यापैकी एकालाही शिकता आलं नाही, त्यामुळे तिला कुणी खोडूनही काढलं नाही.

बाई तोंडाची फटकळ. एकदा लग्नाला उभ्या राहिलेल्या नवऱ्या मुलासमोर तिने सगळ्यांदेखत हात पसरला होता. "ते च्युइंगगम आधी इथे थुंक. 'हो' म्हणताना दाताला चिकटलं तर मला बायकोची दया यायची." आणि त्याने थुंकलं. त्याच नवऱ्याचं पुढे पोर गेलं, तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत तास-दीड तास त्याचा हात धरून बसलेली बाईही हीच. तिला बोलून दाखवता यायचं नाही एवढंच. आमच्या कॉलनीत कुणालाच ते यायचं नाही.

ही आमची जुनी खोड. खाली खाणीत एकाच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचं बोट चेचायचं. वर आल्यावर पहिला पुटपुटायचा, "चुकलं रे." आणि फडकं बांधलेला दुसरा म्हणायचा, "सोड. काय झालंय एवढं?" झालं, मिटलं. "मी तुला माफ केलं" असं जर कुणी म्हटलं असतं, तर समोरच्याला रागच आला असता, की हा कोण टिकोजीराव लागून गेला मला माफ करणारा? माफीबिफी देणं हे काम पाळकाचं, तेही रविवारी, सगळ्यांना एकदम. रोसी याच कॉलनीत जन्मली, याच कॉलनीतल्या एगोनशी लग्न केलं, छातीत कोळशाची धूळ साठून तो गेला तेव्हा इथल्याच मातीत त्याला ठेवला. त्यामुळे ही खोड तिच्याही हाडात मुरलेली होती.

चर्चच्या समोर, रस्ता ओलांडला की मशीद. म्हणजे मूळचं ते खाणीच्या सहकारी दुकानाचं गोदाम. छत बुटकं, खिडक्या उंचावर, आणि शुक्रवारी माणसं एवढी की निम्मे लोक बाहेर मोटारी लावायच्या जागेत चटया टाकून, पाऊस असेल तर प्लॅस्टिकखाली नमाज पढायचे. याशार नावाचा एगोनच्या पाळीतला माणूस तिथे वरचेवर असायचा. तुर्कस्तानातल्या, काळ्या समुद्राच्या बाजूच्या झोंगुलदाकच्या कोळसाखाणीतून तो इथल्या कोळसाखाणीत आला. दोन वर्षांनी बायकोला घेऊन आला. ती गुलिझार.

रोसीची आणि तिची गाठ पडली ती पितळेवरून. एका शनिवारी रोसी चर्चच्या पायरीवर बसून बाप्तिस्म्याचं पितळी घंगाळ आणि तांब्या घासत होती, कपाळाला आठ्या घालून. गुलिझार पिशवी घेऊन रस्त्याने चालली होती. थांबली. बघत राहिली. तेव्हा तिला आमची भाषा दहा-वीस शब्दांपलीकडे येत नव्हती. तिने पिशवीतून लिंबू काढलं, दाताने तोडलं, रोसीच्या हातातून तांब्या घेतला, आणि घरून मुठीत मीठ आणून असा काही घासला की रोसीला त्यात स्वतःच्या आठ्या दिसायला लागल्या.

"बरं बाई," रोसी म्हणाली, "जिंकलीस. आता घंगाळही घे."

त्यानंतर एकोणतीस वर्षं शनिवार दुपार त्यांची. गुलिझार लिंबं आणायची, रोसी थर्मासमधून कॉफी. पितळ चकाकेपर्यंत दोघींनी मुलांची दुखणी, नवऱ्यांच्या खोड्या, गुडघे, सासवा, सगळं घासून काढलं. याशार हजला निघाला, तेव्हा कॉलनीत घरोघर जाऊन विचारत होता, "माझं काही चुकलंमाकलं असेल तर हलाल करा." त्यांच्यात तो रिवाज. लांबच्या वाटेला निघण्याआधी, शस्त्रक्रियेआधी, मरणाआधी, ज्याच्या-ज्याच्याशी संबंध आला त्याच्याकडे जायचं आणि म्हणायचं, तुझं माझ्याकडे जे काही राहिलं असेल, माझ्या हातून जे दुखलं असेल, ते सोडून दे, मला मोकळं कर. समोरच्याने म्हणायचं, "हलाल असो. तूही मला कर." मग माणूस निघायला मोकळा. रोसीने तेव्हा याशारच्या पाठीवर थाप मारली होती. "जा रे बाबा, जा. तुझं काय चुकणार? उन्हात टोपी घाल." सगळे हसले होते, याशारही. रोसीला वाटलं, शिंक आली की बोलतो तसं काहीतरी असणार.

पुढे खाण बंद पडली. कॉलनीतली तरुण माणसं पांगली, म्हातारी उरली. चर्च आणि मशीद मिळून दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात जेवण घालायला लागली. ज्याला घरी कुणी नाही, ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याने यावं. मसुराचं सूप गुलिझारचं, बटाट्याचं रोसीचं. हिरव्या दांड्याचा डाव मशिदीच्या पातेल्यात, लाल दांड्याचा चर्चच्या पातेल्यात, कारण चर्चच्या पातेल्यात डुकराचं सॉसेज असायचं. अठरा वर्षांत एकदाही डावांची अदलाबदल झाली नाही. रोसी त्यावर ससाण्यासारखी नजर ठेवून असायची. शहरातून साहेब लोक येऊन फोटो काढायचे, सलोख्यावर भाषणं करायचे. रोसी म्हणायची, "भाषण करताय ते ठीक आहे, पण हातात सालकाढणं धरा. बटाटे पडलेत."

एवढं सगळं खरं होतं. पुढे जे झालं तेही खरं आहे, आणि ते सांगताना मला रोसीचा राग येतो आणि तिची कीवही येते.

रविवारच्या उपासनेला बारा म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे उरले. मनोऱ्याला तडा गेला. चर्चच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं की एवढ्या लोकांसाठी एवढं चर्च चालवता येणार नाही, बंद करा. जागेवर काय व्हावं हे मंडळीच्या पंचांनी सुचवायचं. दोनच वाटा होत्या. एक, चर्च पाडून तिथे घरं बांधू द्यायची. दुसरी वाट मशिदीच्या लोकांनी दाखवली होती. चर्च आम्हाला द्या, ते म्हणाले. मनोरा आम्ही सांधू. गुरुवारचं जेवण आहे तिथेच राहील. बाजूची खोली तुमच्या म्हाताऱ्यांना उपासनेला कायमची ठेवू, तिची किल्ली रोसीबाईंकडेच असू द्या. आमच्या चर्चच्या नियमात दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेसाठी इमारत देणं बसत नव्हतं, पण पंचांनी एकमुखाने मागणी केली तर वरचे विचार करतील, असं पाळकबाई म्हणाल्या. पाळकबाई तरुण होत्या, त्यांना हे मनापासून हवं होतं.

नऊ पंच. त्यात चर्चच्या कामगारांची म्हणून एक जागा रोसीची.

बैठकीच्या दुपारी ती एकटीच चर्चमध्ये जाऊन उभी राहिली. जिथे बाप्तिस्म्याचं घंगाळ ठेवतात तिथे तिला चपला-बुटांची मांडणी दिसायला लागली. एगोनची शवपेटी ठेवली होती त्या फरशीवर गालिचा दिसला. गालिच्यावर तिचा राग नव्हता. गुलिझारच्या घरचा गालिचा तिला आवडायचा. पण आपलं असतानाच गेलं तर जाऊ दे, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच्या हातात नांदताना रोज समोर बघायचं, त्यापेक्षा मोडलेलं बरं. माणसाचं मन किती कोतं असू शकतं हे कळायला चांगलीच माणसं बघावी लागतात.

पाडण्याच्या बाजूने सहा हात वर झाले. सहावा रोसीचा. पाच पुरेसे होते, तिच्या हाताची गरजही नव्हती. तिने तो तरीही वर केला, आणि खाली घेतल्यावर एप्रनच्या खिशात किल्लीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. गुलिझार लिंबं घेऊन आली.

"काय ठरलं गं?"

रोसी तांब्या घासत राहिली. "वरच्यांनी नाही म्हटलं."

"आणि तुम्ही पंचांनी?"

"आमचं कोण ऐकतंय? वरच्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं."

गुलिझारने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला किती वाईट वाटत असेल." आणि तिने आपला मिठाने खरखरीत झालेला हात रोसीच्या दंडावर ठेवला. रोसीला तो हात झटकावासा वाटला आणि धरून ठेवावासाही वाटला. तिने दोन्ही केलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, ज्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, त्या दिवशी शेवटची उपासना झाली. चर्च बरंच भरलं, कारण अंत्ययात्रेला माणसं येतातच. मशिदीचे लोक दुसऱ्या रांगेत बसले होते, डोक्याला रुमाल, हातात टोप्या, अवघडून. शेवटचं गीत झाल्यावर वेदीवरच्या वस्तू एकेक करून बाहेर न्यायच्या असतात. बायबल, क्रूस, मेणबत्त्या, प्रभुभोजनाचा प्याला. न्यायला हात कमी पडत होते. आमच्या म्हाताऱ्यांनी काठी धरायची की मेणबत्ती? घंगाळ एका पंचाने उचललं, तांब्या तसाच राहिला. पाळकबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "गुलिझारबाई, तुम्ही घ्याल का?"

गुलिझार उठली. आपल्या शालीच्या पदरात तांब्या धरून, बाळ न्यावं तसा छातीशी घेऊन, त्या रांगेतून चालत गेली. रोसी सगळ्यांच्या शेवटी. तिने दिवा मालवला, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या पाळकसाहेबांच्या हातात दिली. खिसा एकदम हलका झाला, तेव्हा कुठे ती रडली. भिंतीवरच्या फळीतले गीतांचे आकडे काढायचे राहिले होते, हे तिला रस्ता ओलांडताना आठवलं.

रस्ता यासाठी ओलांडायचा, की चर्चचं सभागृहही त्याच कुलपात गेलं होतं आणि कॉफीला जायला जागा नव्हती. मशिदीच्या बायकांनी त्या बुटक्या छताखाली सगळ्यांसाठी जेवण मांडलं होतं. आम्ही ज्यांना मोठं घर नाकारलं, त्यांच्या लहान घरात दाटीवाटीने बसून आम्ही मसुराचं सूप प्यायलो. कुणी मान वर करून बोलत नव्हतं. पंचांपैकी खजिन्याचं काम बघणाऱ्याची बायको, क्रुमहोल्झबाई, तेवढी बोलत होती. ही बाई गप्प बसली तर आजारी पडते. त्या दिवशी ती आजारी पडली नाही.

डिसेंबरपासून गुलिझार शनिवारी यायची बंद झाली. घासायला पितळच उरलं नव्हतं, असं रोसीने स्वतःला समजावलं. गुरुवारचं जेवण शाळेच्या खोलीत हलवलं होतं. तिथे दोघी पातेल्यांमागे उभ्या राहायच्या. बोलायच्या, पण मिठाविषयी, पावांविषयी. गुलिझारला धाप लागायची. छातीवर हात ठेवून ती मध्येच बसून घ्यायची.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलंय."

एवढंच.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, गुलिझार रोसीच्या दारात उभी. दोन जिने चढून आलेली, ओठ निळे पडलेले. चांगला कोट घातला होता, सणाला घालायची तो.

"अगं बाई! फोन करायचास, मी आले असते."

"यात मीच यायचं असतं," गुलिझार म्हणाली.

रोसीने तिला स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर लोण्यासाखरेचा चुरा घालून भाजलेला केक होता, कालचा. कॉफी ठेवली. गुलिझारने कोट काढला नाही.

"गुरुवारी छाती उघडणार आहेत. झडप बदलायची आहे."

"हल्ली रोज करतात गं ते. त्या वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची केली, तो आता सायकल चालवतो."

"हो. पण विचारून जावं लागतं." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "रोसी, इतकी वर्षं एकत्र काढली. माझ्या तोंडून, माझ्या हातून तुझं काही दुखलं असेल. समोर असेल, मागे असेल. हलाल कर."

रोसीने केकची ताटली पुढे ओढली. मागे, म्हणजे काय? हिला कळलंय? आता हिच्या तोंडून ते निघणार, मग मला बोलावं लागणार. हात वर केला होता हे सांगावं लागणार. तिने घाईघाईने सुरी घेतली आणि केकचा मोठा तुकडा कापला.

"वेडी का खुळी तू? तुझं काय चुकणार? खा."

"खाईन. आधी म्हण."

"काय म्हणू? काही झालंच नाही तर माफ काय करू? तू कधी मुंगीला दुखावलं नाहीस."

"तसं नाही गं. माणूस असतो, बोलून जातो. मी रागात..." गुलिझारचा श्वास अडकला. तिने पाण्याचा घोट घेतला. "तू फक्त शब्द म्हण. हलाल कर, रोसी."

"सोड ना आता ते! दवाखान्यात निघाल्यावर असलं अभद्र कशाला? बरी होऊन ये, मग बसून बोलू. मलाही तुझ्याशी बोलायचंय. पण बरी हो आधी."

हे ती खरं बोलली होती. तिने त्याच क्षणी ठरवलं, ही बरी होऊन आली की सगळं सांगायचं. हात, किल्ली, खोटं, सगळं. आजारी बाईच्या छातीवर आपला दगड कशाला ठेवायचा? एवढा समजूतदार विचार केल्याबद्दल तिला थोडं बरंही वाटलं.

गुलिझारने कोटाचं वरचं बटण लावलं. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू म्हणाली, "करत नाहीस?"

"कॉफी निवतेय," रोसी म्हणाली.

गुलिझारने कॉफी संपवली. केकचा घास खाल्ला, उरलेला रोसीने कागदात बांधून तिच्या पिशवीत कोंबला. जिन्यावरून उतरताना ती दर पायरीला थांबत होती. रोसी वरून ओरडली, "पुढच्या मंगळवारी येते गं दवाखान्यात!" खालून उत्तर आलं नाही. धाप लागली असेल, असं रोसीला वाटलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, गुलिझार गेली.

सोमवारी मशिदीच्या त्याच मोटारींच्या जागेत जनाज्याची नमाज होती. तिथून पेटी विमानाने झोंगुलदाकला जाणार होती, आधीच तिथे पुरलेल्या याशारच्या शेजारी. थंडी मी म्हणत होती. समोर चर्चभोवती पत्र्याचं कुंपण लागलेलं, घंटा उतरवून नेलेल्या, मनोऱ्याच्या खिडक्या रिकाम्या. रोसी काळा कोट घालून, डोक्याला एगोनच्या वेळचा काळा रुमाल बांधून, मागे बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. चार-पाच बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. रोसीला ते जाणवलं, पण ती आपल्याच दुःखात होती.

गुलिझारची मुलगी फिलिझ तिच्यापाशी आली. डोळे सुजलेले. रोसीने तिला जवळ घेतलं. पोरगी लहानपणी चर्चच्या बाकांमध्ये लपंडाव खेळलेली.

"रोसीमावशी, एक विचारू? आईचं तुझ्याशी काय झालं होतं?"

"माझ्याशी? कुठे काय?"

"मंगळवारी तुझ्याकडून आली ती कोट न काढता बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, रोसीने नाही केलं हलाल. तीनदा विचारलं, नाही केलं."

"अगं, मी..." रोसीने रुमालाची गाठ सारखी केली. "त्यात करायचं काय होतं? तिचं काही चुकलंच नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं."

फिलिझने मान खाली घातली. "चुकलं होतं, मावशी. तुमच्या शेवटच्या रविवारी, जेवताना, क्रुमहोल्झबाई बोलून गेल्या. कुणाकुणाचे हात वर होते ते. तुम्ही गेल्यावर आई मशिदीच्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, मी रोसीवरचा माझा हक्क सोडत नाही, तिला हलाल करत नाही. या जगात नाही आणि त्या जगातही नाही."

याच्याहून जड बोलणं त्यांच्यात नाही, एवढं फिलिझच्या आवाजावरून रोसीलाही कळलं.

"मग पश्चात्ताप करत बसली," फिलिझ म्हणाली. "दोन महिने झोप नाही. म्हणायची, हात वर केला असेल, पण तिच्या नवऱ्याची पेटी होती तिथे, तिचं ते घर होतं, मी असं कसं बोलले? ते बोलणं मागे घ्यायलाच ती तुझ्याकडे आली होती. तू हो म्हणाली असतीस तर तिनेही तुला म्हटलं असतं, आणि मग दोघींचं फिटलं असतं. पण तू..."

रोसी पत्र्याच्या कुंपणाकडे बघत राहिली. तिला आता कोट घातलेली गुलिझार दिसत होती, दोन जिने चढून आलेली. ती सगळं माहीत असून आली होती. विचारायचं रोसीने, आणि विचारत होती ती. आणि रोसी केक कापत होती.

"मग ती काय म्हणाली?" रोसीने कसंबसं विचारलं.

"शस्त्रक्रियेला आत नेताना माझा हात धरून म्हणाली, तिने नाही केलं तरी मी केलं. माझ्याकडून रोसीला सगळं हलाल. तिला सांग." फिलिझने नाक पुसलं. "पण रडत होती गं. तिला वाटलं, तू रागावलीस. तू तिला तसंच जाऊ दिलंस असं वाटलं तिला."

पुढे काही बोलायला वेळ नव्हता. पुरुषांच्या रांगा लागल्या. नमाज उभ्यानेच असते, लवकर आटोपते. मग इमाम पेटीच्या बाजूला उभे राहून लोकांकडे वळले आणि विचारलं, ही बाई तुम्हाला कशी वाटली? सगळे म्हणाले, चांगली. मग त्यांनी विचारलं, हिच्यावर तुमचा जो काही हक्क असेल तो तुम्ही हलाल करता का?

"हलाल असो," सगळा जमाव म्हणाला.

रोसीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. एवढा सोपा शब्द. टेबलापलीकडे बसलेल्या बाईला कॉफी ओततानाही म्हणता आला असता.

इमामांनी दुसऱ्यांदा विचारलं. "हलाल असो." या वेळी रोसी म्हणाली, पण बाकीच्यांच्या मागून, उशिरा, आणि तिचा परका उच्चार ऐकून पुढच्या रांगेतल्या दोन माणसांनी मान वळवली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तेहतीस वर्षं लोकांच्या लग्नामरणाला उभी राहिलेली बाई, तिला लाज कसली ती आजच वाटत होती, पण ती वेगळ्या कारणाने.

तिसऱ्यांदा विचारलं, आणि रोसी ओरडली. "हलाल असो! हलाल असो, गुलिझार!" लोकांचं म्हणून झालं, इमामांनी हात वर करून दुआ सुरू केली, पुरुष पेटीकडे सरकले, आणि रोसी म्हणतच राहिली. हलाल असो. हलाल असो. पेटी खांद्यावर चढली, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात गाडीपर्यंत गेली. तुर्की लोकांत पेटी शेवटपर्यंत तेच चौघे नेत नाहीत, ती हातोहात पुढे जाते, प्रत्येकाला चार पावलं मिळावीत म्हणून. रोसी तिच्यामागे जायला निघाली.

फिलिझने तिचा दंड धरला. गुलिझार धरायची तसाच.

"झालं, मावशी," ती म्हणाली. "बस्स आता. तीनदाच म्हणायचं असतं."

रोसी थांबली. गाडीचं दार लागलं.

"हो," ती म्हणाली. "तिनेही तीनदाच विचारलं होतं."